बाबांचा एकच वारस

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला कधी कळलं नाही, आणि अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं आहे. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहायचा प्रसंग म्हणजे बचत गटाच्या वहीतली सही आणि गिरणीत पाठवायच्या डब्यावरचं आडनाव. ही वही मुलीची. ती लग्न होऊन गेली आणि मागची पानं कोरी राहिली. कोणाला दाखवायची नाही. उद्या हाती लागलीच तर तिच्याच लागेल, म्हणून माफीही तिच्याकडेच.

मी बोलायला भिते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. दारात कोणी आलं की मी आत जाते आणि भांडी वाजवते, म्हणजे घरात कोणीतरी आहे एवढं कळतं. पण त्या चार इयत्तांमुळे मला एक कागद वाचता आला. त्यावर लिहिलं होतं की मी माझ्या बाबांची मुलगी नाही, आणि खाली माझी सही हवी होती. तो कागद माझ्या सख्ख्या भावानं करून आणला होता. हे कोणाजवळ बोलता येत नाही आणि पोटात ठेवलं तर जेवण जात नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर देऊळघाटकडचं, सासर मोताळ्याच्या बाजूचं. इथे आमचं दोन एकर वावर आहे, त्यात भाजीपाला करतो. माहेरी आम्ही दोघंच भावंडं. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाबांचं नऊ एकर वावर, आणि त्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. लहानपणी पावसाळी हवेत त्या तारांखाली उभं राहिलं की गुणगुण ऐकू यायची. बाबा त्या तारांना शिव्या द्यायचे. खाली झाड लावता येत नाही, विहीर खणायची तर परवानगी. पुढे त्याच तारांमुळे वावराला भाव आला.

भावानंच फोनवर सांगितलं की एक मोठी कंपनी गावाची शेकडो एकर जमीन घेणार आहे. तिथे डेटा सेंटर होणार. म्हणजे लोकांच्या मोबाईलमधले फोटो, व्हिडिओ, बँकांचे हिशेब, सगळं जिथे साठवतात ती इमारत. तिला दिवसरात्र वीज लागते, म्हणून तारांजवळची जागा पाहिजे. मी हे घरी सांगितलं तर माझे मालक भेंडी तोडता तोडता हसले. म्हणाले, "मानसाले घरकुल भेटून नाई राह्यलं, अन् फोटोले कोठी बांधून राह्यले."

भावानं जमिनीच्या दलालाकडून इसार, म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे, घेतला होता, तेही त्यानं सांगितलं. किती घेतला ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझा त्यात काही संबंध आहे हे माझ्या मनातही नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगते. बाप गेला की वर्षभरात भाऊ बहिणीला बोलावतो, कचेरीत नेतो, ती हक्कसोडच्या कागदावर सही करते. वावरातला माझा हिस्सा मी भावाला सोडला, असा तो कागद. मग भाऊ तिला लुगडं घेतो, हॉटेलात जेवू घालतो आणि एसटीत बसवून देतो. कोणी बहीण नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर माहेर तुटतं. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्या वर्षी मीही बोलावण्याची वाट पाहिली. खरंच पाहिली. सही करायची म्हणून मी वहीत नाव गिरवून पाहिलं होतं. भावाबरोबर बुलढाण्याला जायचं, कचोरी खायची, एवढीच माझी अपेक्षा. बोलावणं आलं नाही. मला वाटलं, कायदा बदलला असेल, आता बहिणीची सही लागत नसेल.

तर एक दिवस दारात पांढरी गाडी थांबली. मी नेहमीसारखी आत जाऊन भांडी वाजवायला लागले. गाडीतून एक तरुण वकीलबाई उतरली, मालकांशी दोन शब्द बोलली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर पाटावर बसली. पुण्याची होती, विमावाल्यांनी पाठवलेली. तिनं जे सांगितलं ते मला दोनदा ऐकावं लागलं. कंपनी एवढे पैसे घालते, तर आधी जमिनीच्या मालकीचा विमा काढते. उद्या कोणी वारस उभा राहिला आणि जमीन माझी आहे म्हणाला, तर नुकसान विमावाल्यांनी भरून द्यायचं. म्हणून विमावाले पैसे घेण्याआधी सगळं उकरून पाहतात. मी मनात म्हटलं, आम्ही कपाशी लावायचो तेव्हा तिचा विमा काढताना कधी कोणी बांधावर आलं नाही.

तिनं जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढले होते, आणि कागदांवर विश्वास न ठेवता गावातही फिरली होती. आमच्या घरासमोरची म्हातारी ओट्यावर बसलेली असते. तिला हिनं विचारलं, यांना मुलं किती. म्हातारी म्हणाली, "एक पोरगा, एक पोरगी. पोरगी मोताळ्याकडं देली ना. लय मुकी पोर."

मग वकीलबाईनं पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली. बाबा गेल्यानंतरची वारसनोंद होती. भावानं शपथेवर लिहून दिलं होतं की मयताला एकच वारस, मुलगा. पत्नी आधीच मयत. मुलगी नाही. खाली गावातल्या पाच पंचांच्या सह्या. मी ती पाचही नावं एकेक करून वाचली. त्या पाच जणांनी माझ्या लग्नात पंगतीत बुंदी वाढली होती. एकानं तर माझ्या बिदाईला बाबांना धरून ठेवलं होतं, बाबा रडून रडून खाली बसत होते म्हणून. त्याच हातानं त्यानं लिहून दिलं की या माणसाला मुलगी झालीच नाही.

वकीलबाई म्हणाली, "ताई, तुमचा अर्धा हिस्सा आहे. तुमचं नाव आल्याशिवाय मी अहवालात मालकी स्वच्छ आहे असं लिहू शकत नाही."

मी चहा केला. ती गेल्यावर बशीत उरलेली साय बोटानं काढून टाकताना मला पहिल्यांदा उमासा आला.

चौथ्या दिवशी भाऊ आला. बरोबर भावजय आणि तो दलाल. तीस वर्षांत भावजयीनं मला त्या घरात कान तुटलेल्या कपाशिवाय चहा दिला नव्हता. ती त्या दिवशी माझ्या गळ्यात पडली, पेढा माझ्या तोंडात कोंबला, वरून मायेनं गाल पुसला. तिच्या बोटांना खोबरेल तेलाचा वास होता. पेढा गिळताना मला वाटलं मी साबण खाते आहे. दलाल आत आला नाही. तो मेथीच्या वाफ्याशी उभा राहून फोनवर बोलत होता आणि दर दोन वाक्यांनी मेथीत थुंकत होता. मी खिडकीतून पाहत होते. ते गेल्यावर मी तो अख्खा वाफा उपटून उकिरड्यावर टाकला. मालक ओरडले, मंगळवारी बाजारात न्यायची भाजी होती. मी सांगितलं नाही की का.

भाऊ बोलला ते असं. वकीलबाईनं उगाच खुसपट काढलंय. साधा हक्कसोडचा कागद करायचा आहे, तेव्हा राहून गेला. "रीतच हाये आपली, बाई. तुले काई नवीन नाई." मग त्यानं नवं लुगडं ठेवलं, त्यावर पेढ्यांचा पुडा, आणि पुड्याखाली एक पिशवी. पिशवीत पन्नास हजार होते. मी त्या पिशवीकडे पाहत बसले. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. माझ्या गप्प बसण्याचा त्यानं होकार धरला. माझं सगळं आयुष्य लोकांनी असंच धरलंय, त्याला तरी काय दोष द्यायचा. ते उठून गेले आणि पिशवी तिथेच राहिली. दोन दिवसांनी मालकांनी त्यातून ठिबकच्या नळ्यांचे आणि विहिरीवरच्या मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे भरून टाकले. त्यांना वाटलं भावानं बहिणीला दिलेत, त्यात वावगं काय.

सहीच्या दिवशी मी तेच लुगडं नेसून बुलढाण्याला गेले. कचेरीच्या आवारात टेबलं मांडून वकील बसतात, टाइप करणारे बसतात. एका टेबलाशी आमचा कागद तयार होता. दलालानं माझा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि म्हणाला, सही येत असेल तर सहीही करा, दोन्ही असलेलं बरं. त्यांना वाटलं होतं मी वाचणार नाही. मी शाईचा अंगठा वर धरून, दुसऱ्या हाताचं बोट ठेवत ठेवत वाचायला लागले. सगळे थांबले. दलालानं दोनदा घड्याळ पाहिलं.

त्यात हक्कसोडचा शब्दही नव्हता. त्यात होतं, मी शपथेवर लिहून देते की मी सदर मयताची पोटची मुलगी नाही. लहानपणी त्यांनी मला दयेपोटी आश्रयाला ठेवलं होतं. गावातले लोक मला त्यांची मुलगी म्हणतात ते गैरसमजातून. त्यांच्या मिळकतीत माझा कधीही हक्क नव्हता व नाही.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली.

दलालानं समजावलं, अगदी गोड आवाजात. हक्कसोड करायचा तर आधी माझं नाव वारस म्हणून चढवावं लागेल. नाव चढवलं की जुनी शपथ खोटी होती हे उघड होईल. भावावर आणि पंचांवर गुन्हा होऊ शकतो. शिवाय त्यात महिने जातील, तोवर कंपनी दुसरीकडे जाईल. हा कागद केला तर कोणाची शपथ खोटी ठरत नाही आणि विमाही होतो. सगळ्यांची सोय होते.

मी म्हटलं, "मी बाबांचीच हाये." आवाज इतका लहान निघाला की भावाला वाकावं लागलं.

तो म्हणाला, "कोन नाई म्हन्ते? कागदावर लिहाचं हाये फक्त. मनातून तं तू आमचीच हाये ना."

भावजय मागून म्हणाली, "अन् बाई, मेलेल्या मानसाले काय फरक पडते?"

मी भावाला विचारलं, तेव्हा मला का बोलावलं नाहीस. मी फुकट सही केली असती. हे मला खरंच समजून घ्यायचं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि जणू त्यात लपवण्यासारखं काही नाही असं सांगितलं. "तुले बोलवाचं म्हंजे गाडीभाडं, रजिस्ट्रीचा खर्च, लुगडं, दोन दिवस मोडाचे. गावचा पाटील म्हने, एकच वारस लाव, एका चकरेत काम होते."

म्हणजे सहाशे रुपयांच्या लुगड्यासाठी. अकरा वर्षांपूर्वी चांगलं लुगडं सहाशेला यायचं. तेवढे वाचावेत म्हणून त्यानं मला बाबांच्या घरातून पुसून टाकलं, आणि पाच जणांनी चहा पिऊन हो म्हटलं. त्यानं माझा हिस्सा लुबाडला असता तर मला राग आला असता. हिस्सा तर मी देणारच होते. मला राग आलाच नाही. एखाद्या भांड्यात बरेच दिवस झाकून ठेवलेलं काहीतरी उघडावं आणि वास नाकात जावा, तसं झालं.

सहीसाठी दिलेल्या पेनला टोपण लावून मी ते टेबलावर ठेवलं. अंगठ्याची शाई त्याच नव्या लुगड्याच्या पदराला पुसली. भावजय म्हणाली, "अवं लुगडं!" मी चालायला लागले. भाऊ आवाराच्या फाटकापर्यंत मागे आला. आधी विनवत होता, मग दम देत होता, मग पुन्हा विनवत होता. मी स्टँडवर जाऊन मोताळ्याच्या गाडीत बसले. पूर्ण रस्ता माझा अंगठा मी मुठीत धरला होता.

घरी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठिबकचे पैसे भरले नसते तं बरं झालं असतं." मी म्हटलं, सगळे पन्नास जमले की एकदमच द्यायचे. तुकड्यातुकड्यांनी त्या दारात जायचं नाही.

मग मी माझे कागद काढले. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, मतदान कार्ड. सगळीकडे माझ्या नावापुढे मालकांचं नाव. बाबांचं आणि माझं नाव एकत्र असलेला एकही कागद घरात नव्हता. भावाचं म्हणणं कागदावर खरं ठरत होतं. मग शाळा आठवली.

माहेरच्या गावी मी शाळेत गेले, भावाच्या घरावरून न जाता मागच्या वाटेनं. मुख्याध्यापकांना काय पाहिजे ते बोलता येईना, म्हणून घरून चिठ्ठी लिहून नेली होती. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पानं उंदरांनी कडेला खाल्लेली. पण माझं नाव शाबूत होतं, पुढे बाबांचं नाव, आणि पालकाच्या सहीच्या जागी बाबांचा निळा अंगठा. बाबांना सही येत नव्हती. मला शाळेत घालायला त्यांनी अंगठा दिला होता. चौथीनंतर पुढची शाळा लांब म्हणून त्यांनीच काढलं, पण घातलंही त्यांनीच. मुख्याध्यापकांनी दाखल्याची नक्कल दिली. पैसे घेतले नाहीत.

फाटकाबाहेर त्या पाचांपैकी एक भेटला, बाबांना धरून ठेवणारा. "कवा आली वं माय? तुह्या बापाची लय याद येते," म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तशीच उभी राहिले. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, दोनदा. तरी त्या हाताचं वजन जात नव्हतं.

दाखला जोडून तहसीलमध्ये नाव चढवण्याचा अर्ज दिला. तारखा पडत राहिल्या. भाऊ एकाही तारखेला आला नाही. साहेब म्हणाले, दाखला ठीक आहे, पण समोरच्यानं मान्य करायला हवं, नाहीतर पुरावे, साक्षी, वेळ लागणार. गावातून साक्ष द्यायला कोणी तयार होईना. समोरची म्हातारी तयार होती, पण तोवर तिला ओट्यावरून उठवत नव्हतं.

वकीलबाईनं अहवालात खरं तेच लिहिलं. विमा झाला नाही. कंपनीनं नाल्यापलीकडची जमीन घेतली. आता बाबांच्या वावराच्या बांधापर्यंत पत्र्याची भिंत आली आहे म्हणतात, आणि आतून मोठ्या पंख्यांचा आवाज येतो. दलालानं भावाकडून इसार परत काढून घेतला, कसा ते मला ठाऊक नाही. गावात बोललं गेलं की बहिणीनं भावाचं सोनं मातीत घातलं. माहेरचा फोन बंद झाला.

आम्ही दोन हंगाम काढले. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, परत मेथी. दर बाजाराला मोताळ्याहून आले की थोडे पैसे पिठाच्या डब्यात जायचे. मुलीनं एकदा विचारलं, दिवाळीला मामाकडे का जात नाहीस. मी म्हटलं, विहिरीवरची मोटार बिघडली आहे, वावर सोडता येत नाही.

पन्नास पूर्ण झाले तेव्हा मी आणि मालक गेलो. भाऊ पडवीत बसला होता, वाळलेला वाटला. मला क्षणभर माया आली, आणि त्या मायेचीही शिसारी आली. भावजयीनं चहा आणला. कप कान तुटलेलाच होता. त्यानं बरं वाटलं.

मी पिशवी मांडीवर धरून ठेवली आणि म्हटलं, आधी पावती पाहिजे. भाऊ हसला. "घरच्या घरात पावती?"

"घरचीच लिहून दे," मी म्हटलं. "मी सांगते तसं."

मी घरूनच वहीचं पान फाडून नेलं होतं. त्यावर मी मजकूर सांगितला आणि त्यानं लिहायला घेतलं. माझी सख्खी बहीण, नंतर माझं नाव, नंतर बाबांचं नाव, यांची मुलगी, हिच्याकडून. इथे त्याचा हात थांबला. त्याला कळलं, हा कागद माझ्या अर्जाला जोडून तहसीलमध्ये जाणार. त्यानं पेन खाली ठेवलं.

भावजय माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होती. "लिहा ना," ती त्याला म्हणाली. "खोटं थोडीच हाये."

त्यानं लिहिलं. सही केली. मालकांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. मी कागद वाचला, बोट ठेवून, शेवटपर्यंत. मग पिशवी दिली. भावजयीनं बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, एकदा, आणि पुन्हा एकदा. पूर्ण पन्नास हजार होते.